‘स्नो व्हाइट’ पाहून मुलगी घाबरली. जुने बालचित्रपट दाखवायचेच नाहीत का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. रविवारी दुपारी घरचे सगळे मिळून ‘स्नो व्हाइट’ बघायला बसले. १९३७ सालचं कार्टून, गाणी, सात बुटके; यात भिण्यासारखं काय असणार? पण स्नो व्हाइट जंगलात पळते त्या प्रसंगाला साडेपाच वर्षांची मुलगी किंचाळली आणि आईच्या पाठीमागे लपली. टीव्ही लगेच बंद केला. तेव्हापासून ती एकटी बाथरूमला जात नाही, रात्री खिडकीचा पडदा नीट ओढलाय ना ते दोन-दोनदा बघायला लावते. नऊ वर्षांचा दादा तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवतो. बाबांचं म्हणणं, आम्हीही हेच पाहून मोठे झालो, आम्हाला काय झालं? आजी म्हणतात, मुळात दाखवायचंच कशाला असलं काही? आता आईला कळत नाहीये की हे चित्रपट मुलांसाठी आहेत की नाहीत.

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर असे प्रश्न हमखास येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी उत्तर सांगून टाकते: ‘स्नो व्हाइट’ खरोखरच भीतीदायक आहे, आणि तरीही तो मुलांचाच चित्रपट आहे. तुमच्याकडे अडचण दोन ठिकाणी झाली. एक म्हणजे तो वर्ष-दोन वर्षं लवकर दाखवला गेला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: टीव्ही नेमका नको त्या क्षणी बंद झाला.

तो प्रसंग आठवून बघा. राणीने स्नो व्हाइटला मारायला पाठवलेला शिकारी सुरा उगारतो, त्याच्याने मारवत नाही, तो तिला पळून जायला सांगतो. ती पळते. फांद्यांचे पंजे होऊन तिचे कपडे ओढतात, ती पाण्यात पडते, तिथे तरंगणारे ओंडके जबडा उघडून अंगावर येतात, अंधारात चारी बाजूंनी डोळे लुकलुकतात. संगीत चढत जातं. शेवटी ती रडत जमिनीवर कोसळते. आणि मग हळूहळू उजेड होतो आणि कळतं की ते डोळे सशांचे, हरणांचे, खारींचे होते. ती प्राणिमंडळी तिच्याइतकीच बिचकलेली असतात. म्हणजे भीती वाढवायची कशी आणि सोडवायची कशी, दोन्ही त्याच प्रसंगात आहे. तुमच्या मुलीने पहिला भाग पाहिला, दुसरा पाहिलाच नाही. तिच्या दृष्टीने स्नो व्हाइट अजून त्या काळोखात पडलेली आहे आणि ते डोळे अजून कुणाचे ते कळलेलं नाही. पडदा ओढायला लावते ती त्यासाठी.

मूल घाबरलं की पालकांचा हात आपोआप रिमोटकडे जातो, ते साहजिक आहे. बंद करायचं तर जरूर करा, पण पुढची गोष्ट तोंडी शेवटपर्यंत सांगा, तिथल्या तिथे. ‘आणि मग उजेड झाला, बघते तर काय, ससे!’ एवढं वाक्यसुद्धा पुरतं. अर्धवट तुटलेली भीती रात्री परत येते, कारण मूल ती स्वतःच्या मनाने पुरी करायला बघतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला सुखाचा शेवट स्वतःहून सुचेलच असं नाही.

आता वयाचं. दादा हसत होता आणि धाकटी किंचाळत होती, यात शूर कोण आणि भित्रं कोण असा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कॅंटर या संशोधिकेने पडदा आणि मुलांची भीती या विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्या कामातून निघालेली मोठी गोष्ट अशी की साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मूल ‘दिसण्याला’ घाबरतं. दात, नखं, वाकडं नाक, अचानक मोठा आवाज, आणि सगळ्यात जास्त म्हणजे डोळ्यांदेखत एका माणसाचं दुसरंच काहीतरी होणं. १९७० च्या दशकाअखेरीच्या ‘हल्क’ या टीव्ही मालिकेचं त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मोठ्या मुलांना माहीत असायचं की हा हिरवा राक्षस सज्जन आहे, तो वाचवायलाच येतोय. त्याचं रूप पालटलं की त्यांना हायसं वाटायचं. लहानग्यांची घाबरगुंडी उडायची नेमकी त्याच क्षणी, कारण आत्ता होता तो माणूस गेला कुठे हे त्यांना कळायचं नाही.

‘स्नो व्हाइट’मध्ये असा क्षण आहे. देखणी राणी औषध पिते, गळा धरते, केस पांढरे होतात, हातांची हाडं दिसू लागतात, आवाज फाटतो, आणि पदराआडून म्हातारी बाहेर येते. हा प्रसंग तुमच्या मुलीने पाहिला नाही, हे एका अर्थी बरंच झालं. मला विचाराल तर तो जंगलापेक्षा कठीण आहे. तळघरातून जाताना गजांबाहेर हात पसरून मेलेल्या कैद्याच्या सांगाड्याला ती म्हातारी पाण्याचा घडा लाथाडून मारते, तेही तिथेच. हे बनवणारे लोक मुलांना भित्री समजत नव्हते, एवढं नक्की. आणि लोकांनाही तेव्हा हे दिसलं होतं: १९३८ साली ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने या चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे मुलांना एकट्याने जायला बंदी, सोबत मोठं माणूस हवं. पुष्कळ ठिकाणच्या स्थानिक प्रशासनांनी ते मानलं नाही हा भाग वेगळा. ‘हल्लीची मुलं नाजूक झालीत’ असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. ही काळजी चित्रपटाइतकीच जुनी आहे.

लहान मुलाला धीर देताना आपण पहिलं वाक्य म्हणतो ते ‘अगं, खोटं असतं ते’. या वयात ते जवळजवळ निरुपयोगी आहे. कॅंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधला चेटकिणीचा प्रसंग वापरून हेच तपासलं होतं. ‘हे खरं नाही हे लक्षात ठेव’ असं आधी सांगितलं की नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती कमी व्हायची. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. त्यांना उपयोग होतो तो हाताला धरता येईल अशा गोष्टींचा: कुणाची तरी मांडी, आपली चादर, घोटभर पाणी, चालू दिवा. आपल्याकडच्या आज्या लेकरू दचकलं की आधी पाणी पाजतात आणि पाठीवरून हात फिरवतात. समजावण्याचं काम नंतर. क्रम बरोबर आहे त्यांचा.

त्याच चेटकिणीची एक हकिकत सांगायचा मोह आवरत नाही. १९३९ च्या त्या चित्रपटात हिरव्या तोंडाची चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन आधी चक्क बालवाडीच्या शिक्षिका होत्या. मुलं आपल्याला बघून घाबरतात याचं त्यांना वाईट वाटायचं. १९७५ साली त्या मिस्टर रॉजर्स यांच्या मुलांच्या कार्यक्रमात साध्या कपड्यांत आल्या, गप्पा मारल्या, आणि मग सगळ्यांसमोर तो काळा घागरा, ती टोपी एकेक करून चढवली. कशी वाटते मी आता, असा सगळा मामला. पुढच्याच वर्षी त्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेत थेट चेटकीण म्हणूनच आल्या, आणि पालकांच्या इतक्या तक्रारी आल्या की तो भाग पुन्हा दाखवला गेला नाही. बाई त्याच, टोपी तीच. पहिल्या वेळी मुलांना आतली बाई आधी भेटली होती.

यातून घरी करण्यासारखं काही आहे. लहान मुलाला रूप पालटण्याची भीती असते, तर ते रूप त्याच्यासमोर सावकाश पालटून दाखवायचं. आईची काळी ओढणी, बाबांचा चष्मा, थोडी पावडर केसांना. आधी आई, मग चेटकीण, मग परत आई. आणि दुसऱ्या फेरीत मुलीलाच चेटकीण होऊ द्या, तुम्ही घाबरा. मनसोक्त घाबरा, पलंगाखाली जा. चेटकीण व्हायला मिळालं की तिचा दरारा मुलांच्या मनातून पुष्कळ उतरतो, हे मी खेळाच्या खोलीत नेहमी बघते.

आता बाबांच्या मुद्द्याकडे. ‘आम्हाला काही झालं नाही’ हे प्रामाणिक असतं, पण स्मरण दगा देतं. आपल्याला गाणी आठवतात, बुटक्यांची नावं आठवतात. मधे कधी आईच्या कुशीत तोंड खुपसलं होतं ते आठवत नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना लहानपणी पडद्यावरच्या कशाने घाबरला होतात का असं विचारलं, तर सुमारे ९० टक्क्यांनी एखादा तरी प्रसंग सांगितला, आणि साधारण चौघांतल्या एकाने सांगितलं की त्याची थोडी धाकधूक अजून वाटते. यातून घाबरून जायचं कारण नाही. बाकीच्या बहुतेकांची भीती ओसरली, हेही त्याच आकड्यांत आहे. पण ‘काहीच होत नसतं’ हे काही खरं नाही. बाबांना एकदा निवांत विचारून बघा, रामसे बंधूंच्या एखाद्या चित्रपटाच्या नुसत्या पोस्टरमुळे कुठला रस्ता टाळायचात का म्हणून.

आजींचा मुद्दा मला जास्त विचार करायला लावतो, कारण ज्या आजी ‘कशाला दाखवायचं’ म्हणतात त्याच आजी रात्री नरसिंहाची गोष्ट सांगतात. खांब फाटतो, हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन पोट फाडतात. पूतना दूध पाजायला येते आणि मरते. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मध्ये म्हातारीला खायला वाघ-कोल्हा वाटेवर बसलेले असतात. आणि मुलं हे ऐकत शांत झोपतात! यात विसंगती नाही. सांगितलेल्या गोष्टीत चित्र मूल स्वतः काढतं, आणि झेपेल तेवढंच काढतं. शिवाय आजीचं लक्ष नातवाच्या चेहऱ्यावर असतं. डोळे फार मोठे झाले की ती नरसिंहाला जरा लवकर उरकते, प्रल्हादाला पटकन मांडीवर बसवते. चित्रपट कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. तो आपल्या वेगाने जातो, आवाज त्याचा, अंधार त्याचा. म्हणून चित्रपट दाखवताना ते बघण्याचं काम शेजारी बसलेल्या माणसाने करायचं असतं. मुलाच्या हातात टॅब आणि कानात हेडफोन देऊन आपण स्वयंपाकाला लागलो, तर सौम्यातला सौम्य चित्रपटही त्याच्यासाठी कठीण होऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांनी तो त्रासदायक प्रसंग एकट्यानेच पाहिलेला असतो, आणि पालकांना तो कुठला हेच माहीत नसतं.

दादाबद्दलही बोलायला हवं. तो जंगलाला हसला म्हणून त्याला काहीच बोचत नाही असं समजू नका. सात-आठच्या पुढे भीतीचा रोख बदलतो: दिसण्याकडून घडण्याकडे. आई मेली तर? घराला आग लागली तर? त्याला ‘बॅम्बी’ दाखवून पाहा. १९४२ च्या या चित्रपटात बॅम्बी नावाच्या हरणाच्या पाडसाच्या आईचा मृत्यू पडद्यावर दिसतही नाही. बंदुकीचा बार ऐकू येतो, बर्फ पडत राहतं, पिल्लू हाका मारत हिंडतं, आणि बाप येऊन सांगतो की आई आता तुझ्याजवळ असणार नाही. चार वर्षांच्या मुलाला पुष्कळदा यात काय झालं तेच उमगत नाही, ते बॅम्बीच्या दोस्त सशाची वाट बघत असतं. नऊ वर्षांचा मुलगा मात्र गप्प होतो. माझी त्या चित्रपटावर एक तक्रार आहे. त्या प्रसंगानंतर लगेच वसंत ऋतू येतो आणि पाखरं गाऊ लागतात, मुलाला रडायला वेळच देत नाहीत. तिथे पॉज दाबा. दोन मिनिटं काही बोलला नाहीत तरी चालेल.

आणि हे एकट्या ‘बॅम्बी’चं नाही. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात काही संशोधकांनी १९३७ पासूनचे गाजलेले ४५ मुलांचे अॅनिमेशनपट मोठ्यांच्या नाट्यपटांशी ताडून पाहिले. मुलांच्या चित्रपटात महत्त्वाचं पात्र मरण्याची शक्यता अडीच पट निघाली, आणि नायकाच्या आईबापांची तर पाच पट. अंक गमतीचा होता, मोजणी खरी होती.

आपल्या घरांत याचं सरळ भावंड म्हणजे ‘श्यामची आई’. अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. तो दाखवताना ‘मूल घाबरेल का’ असं कुणी विचारत नाही, कारण त्यावर संस्कारांचा शिक्का आहे. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी आईचं आजारपण आणि जाणं हे कुठल्याही चेटकिणीपेक्षा भारी असतं. त्यात ते आपल्या भाषेत, आपल्यासारख्या घरात घडतं. दाखवू नका असं मी म्हणत नाही. मला तो दाखवावासाच वाटतो. पण त्या रात्री मूल ‘आई, तू कधी मरणार?’ विचारणार हे धरून चाला, आणि ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. ‘मी पुष्कळ वर्षं आहे, आणि तुला सांभाळायला बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे’ असं साधं, खरं उत्तर द्या.

प्रमाणपत्र बघून ठरवावं का, असंही बऱ्याच जणांना वाटतं. थोडी मदत होते. आपल्याकडे १९८३ पासून ‘यूए’, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा, हा वर्ग आहे, आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. सातची रेघ बऱ्यापैकी योग्य जागी पडली आहे असं मला वाटतं. २०१६ च्या ‘जंगल बुक’ला यूए दिलं तेव्हा खूप थट्टा झाली, पण थ्रीडीमध्ये अंगावर झेपावणारा शेरखान आणि १९६७ च्या कार्टूनमधला ऐटबाज शेरखान यांत चार वर्षांच्या मुलासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र ‘यू’ याचा अर्थ ‘सर्वांना बघायला हरकत नाही’ एवढाच; चार वर्षांच्या मुलाला झेपेल अशी हमी त्यात नसते. मारामारी, रक्त, शिव्या यांची दखल प्रमाणपत्र घेतं. पिल्लाची आईपासून ताटातूट झाली, तर त्यासाठी कुठलं अक्षर नाही.

माझा स्वतःचा अंदाज विचारलात तर पाचच्या आसपास जुनं ‘जंगल बुक’ चालतं. शेवटी भालू मेल्यासारखा पडतो तिथे ‘उठणार आहे तो’ असं आधीच कानात सांगा. खलनायकच नसलेला जपानी ‘टोटोरो’ या वयाला उत्तम, फक्त धाकटी हरवते आणि तळ्यात चप्पल सापडते तेवढा भाग मांडीवर घेऊन बघा. ‘स्नो व्हाइट’ आणि ‘विझर्ड ऑफ ऑझ’ सातच्या पुढे. आणि १९४० चा ‘पिनोकियो’ आठच्या आत अजिबात नको. जुन्या डिस्नेपटांत माझ्या मते तोच सगळ्यात भयंकर आहे. खोडकर पोरं गाढवं होतात, एक जण आईला हाक मारता मारता रेकायला लागतो, ज्यांना अजून बोलता येतं ती घरी जायचं म्हणून रडतात. आणि ती पोरं पुढे कधीच सुटत नाहीत, त्यांना पळवणाऱ्याला शिक्षाही होत नाही. जंगलातले डोळे सशांचे निघतात, इथे तसं काही निघत नाही. अर्थात मुलामुलांत फरक असतो. सहाव्या वर्षी डायनोसॉर बघून खिदळणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि दहाव्या वर्षी ‘डम्बो’मधली साखळदंडातली आई हत्तीण बघून हमसून रडलेला मुलगाही. त्याची आई तेव्हा इस्पितळात होती, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं.

तुमच्या घरी या आठवड्यात काय करायचं? दिवसाउजेडी, खेळता-खेळता, जंगलाची गोष्ट शेवटपर्यंत सांगा. डोळ्यांचं चित्र काढायला द्या आणि प्रत्येक जोडीला अंग कुणाचं जोडायचं ते तिलाच ठरवू द्या: ससा, हरीण, शेजारचं मांजर, काहीही. बाथरूमला काही दिवस सोबत जा, मग दाराबाहेर थांबा, मग स्वयंपाकघरातून नुसता आवाज देत राहा. पडदा ती सांगेल तितक्यांदा ओढा, पण हळूहळू तिच्याच हाताने. चित्रपट पुन्हा बघायला लावू नका. ती आपणहून म्हणाली तर तो तुकडा दुपारी, आवाज बंद करून, रिमोट तिच्या हातात देऊन दाखवा. भीतीचा निम्मा भाग संगीतात असतो, आवाज गेला की फांद्या बऱ्याचशा फांद्याच राहतात. चिडवणं मात्र आजपासून बंद. दादाला त्याऐवजी काम द्या: पुढे काय होतं ते तिला सांगायचं. त्याला सगळं माहीत आहे याचा त्याला अभिमान आहेच.

बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत यातून बाहेर येतात. चार आठवडे उलटूनही रोज रात्री दचकून उठत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, किंवा शाळेत जायला रडत असेल, तर बालमानसतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटा. तोवर एवढं आठवून ठेवा की गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात किंवा शाळेत काही बदललं आहे का: नवी बाई, नवी रिक्षा, कुणाचं आजारपण, दाराआडची भांडणं. कधी कधी भीती आधीपासून असते आणि चित्रपट तिला नुसता चेहरा देतो. अशा वेळी राणीचं आणि जंगलाचं कितीही समजावलं तरी भागत नाही, आणि भेटीत आम्ही पहिल्यांदा विचारतो तेही तेच असतं. तिने काढलेली डोळ्यांची चित्रं असली तर तीही सोबत आणा.